तालमीचे दिवस

धाकटीला ऑटिझम आहे हे कळल्यापासून, तिच्यासारख्या मुलांच्या मदतीसाठी ते सगळं घर मिळून दरवर्षी गाण्यांचा महोत्सव करतं. बाबा गातात, आत्या व्हायोलिन वाजवते, काका ड्रम बडवतात. तालमी घरातच, हॉलमध्ये होतात. धाकटीला तो आवाज सोसत नाही, ती कान दाबून भिंतीवर डोकं आपटत राहते. म्हणून तालमी सुरू झाल्या की आई तिची बॅग भरते आणि महोत्सव संपेपर्यंत तिला मावशीकडे सोडून येते.

"अगं, तिच्यासाठीच तर चाललंय ना सगळं," आजी दरवेळी आईची समजूत घालते.

यंदा सभागृह खचाखच भरलं. प्रमुख पाहुणे म्हणाले, "या मुलांना समजून घ्यावं तर या घरानं." बाबांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी घरी आली. रात्री तिला जेवायला वाढता वाढता बाबा आपल्याच नादात गुणगुणायला लागले.



धाकटीनं हातातला घास ताटात ठेवला, आत जाऊन आपले कपडे बॅगेत भरले आणि बूट घालून दाराशी बसली.