कमी उजेडाचा टॅब

"याहून कमी उजेड होत नाही का हो?" तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दुकानदाराला हसू आलं. "ताई, लोक जास्त उजेडाचा टॅब मागतात. कमी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

"रात्री वाचते ना मी. यांची झोपमोड होते." शाळेच्या ग्रंथपाल बाईंना वाचायचं वेड असणारच. त्यात कोण कशाला शंका घेईल?

नवल वाटलं ते नवऱ्याचं. रात्री दिवा पाच मिनिटं जास्त जळला तरी धुसफुसणारा माणूस, पण टॅब घ्यायला एका पायावर तयार झाला. "तुझ्या डोळ्यांना त्रास नको गं," म्हणाला. घरी आल्यावर आपला फोन शेजारी घेऊन टॅबचं सगळं सेटिंगही त्यानेच करून दिलं.

रात्री तो घोरायला लागला. तिने टॅबचा उजेड अगदी तळाला नेला, भिंतीकडे तोंड केलं आणि वकीलबाईंनी पाठवलेले घटस्फोटाचे कागद उघडले. सहा महिने त्याला ताकास तूर लागू न देता तिने इथवर आणलं होतं.

तिने पहिलं पान उलटलं, तर समोरच्या भिंतीवर उजेड पडून गेला. तिने मान वळवून पाहिलं. त्याच्या उशाशी ठेवलेला फोन नुकताच विझत होता. आला असेल कुणाचा तरी मेसेज, असं स्वतःला समजावत तिने दुसरं पान उलटलं.



भिंत पुन्हा उजळली, आणि घोरणं थांबलं.