कमानीपर्यंत

ह्यांच्या ऑफिसातली कासुमी सोमवारी वारली. "नुसती तोंडओळख होती गं," हे म्हणाले. मी मान डोलावली. इतकी वर्षं तेच तर करतेय.

आज दोघं देवळाच्या रस्त्याला लागलो. सगळा चढ हे माझ्यापुढे होते, पण देवळाची लाल कमान आली आणि हे थबकले.

"तू जाऊन ये. गुडघा धरलाय माझा."

कोपऱ्यावर दांगोचे, तांदळाच्या पिठाचे गोळे भाजणारी म्हातारी दुकानातूनच ओरडली, "अहो इसोबेसान, सुतकातली माणसं थांबतात कमानीबाहेर! तुमच्या घरातलं कोण गेलं?"

"छे, छे! आमच्याकडे कसलं सुतक?" हे हसले.

"मग चला की," म्हणत मी हात धरला.



हात सोडवून घेत हे आणखी दोन पावलं मागे सरकले.