पाणबुड्या बायकांचा लॅपटॉप

शेगडीवर शंख. दोरीवर ओले पोशाख. टेबलावर तीन पेनड्राइव्ह. कोरियातल्या जेजू बेटावर श्वास रोखून समुद्रातून शंख काढणाऱ्या आम्हा पाणबुड्या बायकांच्या सामाईक लॅपटॉपवर फुकटची लिनक्स प्रणाली घालायची होती. पेनड्राइव्हवरच्या तीन प्रकारांतली कुठली, एवढंच ठरायचं होतं. म्होरकी गुमजा पहिलीवर खूश होती. "हुकूम टाइप केला की पळते! हीच." चौऱ्याऐंशीच्या योंगसुनमावशी म्हणाल्या, "मला पणतीचा फोटो उघडता यायला हवा. नाहीतर घाला चुलीत लॅपटॉप!" पडद्यापुढे बसताच त्यांनी सवयीने श्वास रोखला. पहिल्या दोन्हींवर फोटो सापडण्याआधीच दम संपला. "मावशी, श्वास घ्या, हा समुद्र नाही!" मी ओरडले. तिसरीवर ठसठशीत चित्रं होती. फोटो लगेच उघडला. बुडी मारून वर आल्यावर सोडतो तसा मावशींनी शीळ घालत श्वास सोडला. गुमजाने पहिला पेनड्राइव्ह खिशात टाकला. "तिसरी घाल." आमचा रिवाजच तसा: किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आम्ही म्हाताऱ्यांसाठी सोडतो, धडधाकट बाई तिथे उतरत नाही.