कडेची वाट

लेकीच्या प्रयोगशाळेत पडद्यावर सकाळच्या प्रयोगाचा आलेख होता. त्यातल्या उंच सुळक्यांवर दिगंबररावांचं बोट थबकलं. जन्मभर त्यांनी पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या होत्या. बिघाड त्यांना लगेच दिसायचा.

"इथे सूर्यासारखा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, कडेने उसळला, बाबा. असं झालं की यंत्राची भिंत भाजते. मग आम्ही चुंबकाच्या कॉइल चालू केल्या."

पुढे सुळके नव्हते, पण आत प्लाझ्मा किती आहे ते दाखवणारी रेघ किंचित खाली आली होती.

"अगं, हे तर गळतंय!"

"आम्हीच गळू देतोय. चुंबकाने कडेला बारीक वाट करून द्यायची. थोडं थोडं झिरपत राहिलं, की एकदम फुटत नाही."

बायको गेल्यापासून दिगंबरराव महिना महिना लेकीला फोन करत नसत, आणि केला की तिच्यावर उखडत. गेल्या वेळी मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपली, एवढ्यावरून.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि हळूच विचारलं, "शरू, मी रोज दोन मिनिटं फोन केला तर चालेल? नुसती तुझ्या आईची आठवण काढायला."