यादीतून काढलेला हात

यंत्रमागात सापडून गेलेल्या उजव्या हाताच्या जागी कारखान्याने अनसूया मगदूमला यांत्रिक हात बसवला होता. तिने संपाच्या कागदावर सही केली, तसे शिरगुप्पे सुपरवायझरने तिला केबिनमध्ये बोलावले. कारखान्याच्या नव्या प्रणालीने कुठली उपकरणे ओळखायची, ती यादी त्याने भरली होती. संगणकाच्या पडद्यावर ती प्रणाली चढत होती.

"बाई, तुझा हात वगळलाय. आता त्यानं संपाचा झेंडा धर."

यादीतून गेलेला हात असेल तिथेच गोठतो, हे शिरगुप्पेने कधी पाहिले नव्हते. अनसूयाने पाहिले होते. मागे एकदा असाच यादीतून सुटलेला, सोबतच्या पारूबाईचा यांत्रिक हात तीन दिवस घासासकट तोंडापाशी अडकून राहिला होता.

तिने पुढे होऊन यांत्रिक हाताने त्याचे उजवे मनगट धरले.

"पाया पडायचं सोडून हात काय धरतीयेस?" तो हसला.

प्रणाली चढली. बोटे आवळलेली तशीच राहिली. त्याने हिसके दिले, शिव्या घातल्या.

"सोड म्हणतो ना."

"माझं कुठं ऐकतोय तो? तुमच्या यादीत न्हाई." तिने पायाने खुर्ची ओढली आणि बसली. "नाव घालून परत चढवायला किती वेळ लागतो?"

"चार तास," तो पुटपुटला.

"मग लागा कामाला. डाव्या हातानं जमत नसंल तर सांगते, मी शिकलेय."