हलकं विमान

बाबा गेल्यानंतर त्यांचं छोटं विमान मी पहिल्यांदाच एकटी उतरवत होते. खाली गवताची आखूड धावपट्टी, तिच्या टोकाला ऊस.

नेहमीच्याच वेगाने आले, नेहमीच्याच जागी इंजिन मंद केलं. पण विमान टेकेना. हातभर उंचीवर तरंगत राहिलं. ऊस जवळ आला तसं मी ते पुन्हा वर घेतलं.

दुसऱ्या वेळी वेग कमी ठेवला. शेपटीच्या चाकासकट तिन्ही चाकं गवतावर एकदम टेकली.

मेकॅनिक एकनाथकाका धावत आले. "अगं, मागे बाबा बसायचे ना तुझे? ऐंशी किलो कमी झाले. विमानाला लगेच कळलं, तुला दुसरी फेरी लागली."

मी मान हलवली.

"उद्या मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधू?"

"नको, काका. रिकामीच राहू दे."