फक्त दोघांसाठी

‘लेकरं आहेत? मग खोली नाही.’ लहानपणी आईचं बोट धरून दारोदार ऐकलेला तो आवाज तिच्या कानांतून कधी गेलाच नव्हता. म्हणून चौथा महिना लागला तरी तिनं घरमालकीणबाईंना कळू दिलं नव्हतं. शिवणकामावर पोट भरणारी ती, दर आठवड्याला आपल्याच कुडत्यांच्या शिवणी उसवून सैल करायची. भाडेकरारात ‘फक्त दोघांसाठी’ असं लिहिलेलं ना! शेवटी जीव मुठीत धरून तिनं घरांविषयी फुकट सल्ला देणारं सरकारी केंद्र गाठलं. खिडकीमागच्या बाईंनी करार दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला. ‘अगं पोरी, बाळ झालं म्हणून कुणालाही घराबाहेर काढता येत नाही. कायदाच आहे.’ मुठीतला जीव भांड्यात पडला. ती परतली तेव्हा मालकीणबाई जिन्यातच भेटल्या. ‘कुठे गं उन्हातान्हाची?’ ‘काकू,’ पायरीवर टेकत ती म्हणाली, ‘आपल्याकडे पाळणा हलणार आहे.’